माझी नसलेली साक्ष

मार्थामावशींनी मला एक गोष्ट विश्वासानं सांगितली होती आणि मी ती भरसभेत सांगून टाकली. चूक माझी. त्यांच्याविषयी लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर पुढचं कौतुक खोटं वाटेल.

अर्जुनी मोरगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान आहे. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा मशीन चालवता चालवता त्या एकदम ओरडल्या, "चूप राय! तुले कोनं विचारलं?" दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी शिवायला आणलेली उसवलेली पँट तिथंच ठेवून मागं सरलो. त्या हसल्या. "तुले नाई गा. डोक्यात एक बसून राहते, तिले म्हटलं."

गल्लीतले लोक त्यांना अर्धी पागल म्हणत. "अर्धीच काऊन? पुरी म्हना ना," असं सुनावून त्या पुन्हा शिवणाला लागायच्या. काम मात्र चोख. नवरीचं पोलकं मार्थाबाईंकडंच टाकायचं, असं आजूबाजूच्या गावांत ठरूनच गेलं होतं. हिंदू घरांतल्या बायाही लग्नसराईत दारात बसून राहायच्या.

रविवारच्या प्रार्थनेला जमणाऱ्या आमच्या पंचवीसेक माणसांच्या ख्रिस्ती मंडळीत त्याही होत्या, मीही. पण वडील गेले आणि मी जाणं सोडलं. त्यांचा ताप साधा समजून गोंदियाच्या दवाखान्यात न्यायला मी दोन दिवस उशीर केला होता. तेव्हापासून मनात एकच चालू होतं, तूच मारलंस बापाला. मावशींनी एका दुपारी हे माझ्याकडून काढून घेतलं.

"हा जो तुह्या डोक्यात बोलून राहिला, तो तुले नावानं हाक मारते का?"

मी आठवून पाहिलं. "नाही. खुनी म्हणते. नालायक म्हणते."

"मंग तो येशू नाई. येशू नाव घेऊन बोलावते. चूक असन तं चूक सांगते, पन दारातून हाकलत नाई. तू त्या दुसऱ्याले उत्तर दे. मोठ्यानं दे. अन् लगेच प्रार्थना कर, लहानशी, एका दमात होईन एवढी."

मी राइस मिलमध्ये काम करतो. तिथल्या घरघरीत मी मोठ्यानं "चूप" म्हणायला लागलो. कोणाला ऐकू जात नसे. काही महिने गेले. एक दिवस वडिलांची आठवण आली आणि तिच्यासोबत शिवी आली नाही. मी पोत्यांच्या आडोशाला उभा राहून रडलो. त्या रविवारपासून पुन्हा प्रार्थनेला जाऊ लागलो.

हे मावशींना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी आपली गोष्ट सांगितली. ऐन तरुणपणी नवरा गेला. सासू त्यांना पांढऱ्या पायाची म्हणायची. सासू मेली, तरी तिचं बोलणं डोक्यात राहिलं. एकदा त्या जीव द्यायला तलावावर गेल्या होत्या. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभ्या असताना त्यांनी त्या आवाजाला पहिल्यांदा चूप केलं आणि येशूचं नाव घेत घरी परतल्या. "हे आपल्या दोघांतच राहू दे गा," त्या म्हणाल्या.

धान घरात आलं की आमच्यात उपकारस्तुती होते. लोक नव्या धानाच्या लोंब्या वेदीपुढं ठेवतात आणि देवानं काय केलं त्याची साक्ष देतात. त्या वर्षी बाहेरगावचे पाहुणेही आले होते. मी उठलो. माझी साक्ष सांगितली, लोक डोळे पुसू लागले, आणि मी थांबलो नाही. मावशींचं नाव घेतलं. तलावही सांगितला. सगळे "आमेन" म्हणाले. बायकांच्या बाजूला मावशी पदर पुढं ओढून खाली बघत होत्या.

बातमी मंडळीबाहेर गेली. जीव द्यायला गेलेल्या बाईच्या हातचं पोलकं नवरीला नको, असं मुलींच्या आया म्हणू लागल्या. मावशींकडं शाळेचे गणवेश तेवढे उरले. प्रार्थनेला येणं त्यांनी बंद केलं. मशीनवर मोठ्यानं बोलणंही.

मी दीड वर्ष त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. तू तोंड दाखवायच्या लायकीचा नाहीस, असं मन म्हणायचं आणि मी ते ऐकायचो. यालाच पश्चात्ताप म्हणतात, असं मला वाटायचं. शेवटी बायको वैतागली. "रोज सोताले शिव्या देऊन राहिले तुमी. त्यातून त्या बाईले काय भेटलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. मावशी गणवेशाला काजं करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मावशी, मी फार पापी मानूस आहो. माझ्यासारखा नालायक..."

"थांब." सुई थांबली. "तू अजून तुहीच कहानी सांगून राहिला. माहं काय केलं, ते सांग."

मी उंबऱ्यातच खाली बसलो.

"मावशी, तुमी ते दोघांत ठेवाले सांगतलं होतं. मी तुमाले न विचारता साऱ्यांपुढं सांगतलं. लोक माह्यासाठी रडून राहिले होते, ते मले गोड लागलं, त्यांनी अजून रडावं म्हणून सांगतलं. त्याच्यानं तुमचं काम गेलं, प्रार्थनेतली तुमची जागा गेली. मले माफ करा."