मापाची आरोळी

शिंप्याच्या बायकोला सगळी गल्ली मागून 'कात्री' म्हणायची, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. "म्हणू देत की! बोथट तर म्हणत नाहीत," असं म्हणून ती पुढचं काज करायला घ्यायची. भावंडांच्या लेंढारात वाढलेली बाई. त्या घरात जो हळू खाईल त्याच्या ताटातलं दुसरा पळवायचा, आणि जो गप्प बसेल त्याला सगळ्यात शेवटी वाढायचे. तेव्हा भराभर खाणं आणि फटाफट बोलणं या दोन्ही विद्या तिनं शाळेत जायच्या आधीच पुऱ्या केल्या होत्या. लग्न होऊन दुकानात आली, तशी काजं, बटणं आणि दुमडी तिच्याकडे आल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायचं काम तिनं आपणहून उचललं.

दुकान म्हणजे रस्त्याला तोंड करून उभी असलेली एक लांबट खोली. पुढे कापड बेतायचं टेबल, भिंतीला दोन मशीनं, एक आरसा आणि पोरांना माप द्यायला उभं करायचा एक पाट. मागे पडदा, पडद्यामागे संसार. शाळा उघडायच्या आधी इथे गणवेश शिवायला ही झुंबड! आणि त्या गर्दीत मास्तरांची आरोळी.

मास्तर म्हणजे तिचे यजमान. माप घेताना दोन्ही हात टेपात गुंतलेले असतात, म्हणून आकडा ओरडून सांगायचा, दुसऱ्यानं तो चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी कापडाला टाचायची, ही त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण नुसता आकडा मास्तरांना बेचव लागायचा. मग ते त्याला शेपूट जोडायचे. "कंबर, लिही! अरे देवा, ही कंबर आहे का कंपाउंडची भिंत? ताई, कापड वाढवून आणा!" पोर हडकुळं असलं की, "हिचं काय शिवू? टाचणीला खोळ घालायची का?" आणि सगळं दुकान दात काढायचं. पाटावर उभं असलेलं पोर आरशात बघायचं सोडून स्वतःच्या पायांकडे बघत राहायचं.

सगळ्यात जोरात हसायच्या त्या आयाच. एक बाई रस्त्यातूनच काहीतरी चघळत यायची, तोंडातला घास गालात सरकवायची आणि लेकीला म्हणायची, "ऐकलंस? आवर आता तोंड!" दुसरी म्हणायची, "मास्तर, तुम्हीच सांगा हो याला, दोन घास खाल्ले की उठतो मेला." जणू मास्तरांनी शिवणकामाबरोबर डॉक्टरकीही शिकून घेतली होती! आणि मास्तर सांगायचे. या पोराला खा म्हणायचे, त्या पोरीला खाऊ नको म्हणायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! ज्या माणसाला स्वतःच्या पँटचं वरचं बटण बसल्यावर सोडावं लागतं, तो गावाला जेवण शिकवत होता.

कात्रीला आयांचा राग यायचा, पण हसायची तीही. खोटं कशाला बोला?

आकडे लिहायला टेबलाशी बसायची त्यांची लेक. गुटगुटीत जन्मली म्हणून बापानं तिचं नाव ठेवलं ढब्बू, आणि मग शाळेच्या हजेरीतलं नाव सोडलं तर सगळीकडे ती ढब्बूच. आकडे काढता यायला लागल्यापासून पेन्सिल तिच्याच हातात. दर मोसमात गल्लीतल्या प्रत्येक पोराची कंबर आणि त्या कमरेवरचा विनोद तिच्या कानावरून जायचा. विनोद तेवढा चिठ्ठीवर लिहायचा नसे, इतकंच.

त्या वर्षी तिला वरच्या वर्गाचा गणवेश हवा होता. दुकान भरलेलं. मास्तरांनी तिला पाटावर उभं केलं, कमरेभोवती टेप फिरवला आणि सवयीनं ओरडले, "कंबर, लिही!" लिहिणार कोण? लिहिणारीच पाटावर. मास्तरांना तर हर्षवायूच झाला. "घे, तूच लिही बाई तुझं! आणि जपून लिही, चिठ्ठीत मावलं पाहिजे!" काय हसले लोक! ढब्बूनं पेन्सिल उचलली, स्वतःची कंबर स्वतःच्या अक्षरात लिहिली, चिठ्ठी टाचली आणि पडद्यामागे गेली. कात्रीनं दातांनी दोरा तोडला आणि, हो, हसली.

पुढे महिन्याभरात लेक गणवेश घेऊन आली. "आई, कमरेला जरा आत घे ना." कात्रीनं घेतला. शिवणीत हात असा साफ, की कुठे घेतलंय ते वरून शोधूनही सापडू नये. मग पुन्हा आली. पुन्हा घेतला. मध्यंतरी पोरीचं डब्याचं गणित बदललेलं. "मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं." "आज पोट जड आहे." "तुम्ही बसा, मी मागून जेवते." पुढे तिची आत्या राहायला आली आणि दारातूनच चीत्कारली, "अगंबाई! किती छान बारीक झाली! काय करतेस, मला तरी सांग!" आणि कात्रीची मान ताठ झाली, जशी काही ती बारीक कंबर तिनंच काज करून काढली होती. पोर डोळ्यांसमोर झिजत चाललंय आणि घरदार टाळ्या पिटतंय! आता या शहाणपणाला काय म्हणावं? उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

एका दुपारी तोच गणवेश पुन्हा आत घ्यायला तिच्या मांडीवर आला. तिनं तो उलटा केला आणि खिडकीकडे धरला. गडद कापड. शिवण उसवली तरी सुईची भोकं कापडात राहतात, हे तर शिंप्याच्या घरातलं मांजरसुद्धा सांगेल. उजेड त्या भोकांतून आला. एक ओळ. तिच्या आत दुसरी ओळ. तिच्याही आत आणखी. प्रत्येक ओळ सरळ, नेटकी, तिच्या स्वतःच्या हातची. आणि आता आत घ्यायला कापडच उरलं नव्हतं.

तिनं गणवेश बाजूला टाकला. लेकीला हाक मारून समोर उभं केलं, बाही वर सारली. मनगट बोटांच्या कड्यात धरलं, तर कडं सैल पडलं.

मग तिनं तेच केलं जे सगळ्या शहाण्या आया करतात. ताट वाढून समोर उभी राहिली. ओरडली. शपथा घातल्या. नवे बूट कबूल केले. बूट चालले नाहीत तेव्हा बापाचा धाक घातला. लेकीनं रडत रडत गिळलं, आणि थोड्याच वेळात मोरीत जाऊन सगळं उलटून पडलं. बाहेर मास्तर म्हणत होते, "अगं, मी आपली चेष्टा केली होती. चेष्टेनं कुणी उपाशी राहतं का?"

शेवटी लेकीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई बोलायला कोरड्या. लेकीला तपासलं, तिच्याशी एकटीशी बोलल्या, मग या दोघांना आत बोलावलं. "तिला दर आठवड्याला आणायचं. वजन मी बघेन, तुम्ही बघायचं नाही. जेवायच्या वेळा ठरवा आणि तिघांनी एकत्र बसा. मी सांगेन तेवढं वाढा. दटावायचं नाही, लाच द्यायची नाही, संपवलं म्हणून शाबासकी द्यायची नाही. हे खाणं चांगलं, ते वाईट, असं म्हणायचं नाही. आणि कुणाच्याही अंगाबद्दल घरात बोलायचं नाही. तिच्या नाही, तुमच्या नाही, शेजाऱ्यांच्याही नाही."

"म्हणजे गप्प बसायचं?" कात्रीनं विचारलं. "मी?"

"दुसऱ्या विषयावर बोला की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गल्लीत हे कळलं असतं तर पैजा लागल्या असत्या. पण बाई बसली. तोंडाला कुलूप लावून ताटाशी बसली. लेक पावाचा तुकडा बोटांनी कुस्करत राही आणि कात्रीच्या जिभेला मुंग्या येत. मग ती समोरच्या मांजराची लफडी सांगायची. मशीनचा पट्टा कसा करकरतो, वाण्यानं दिवाणखान्याला कसला भिकार रंग लावला, सगळं सांगायची. त्या काळात त्या वाण्याच्या रंगाला जेवढ्या शिव्या बसल्या, तेवढ्या कुणाच्या वैऱ्याला बसू नयेत. एक दिवस लेक मांजराच्या गोष्टीवर फिसकन हसली आणि हसता हसता अंडं खाऊन गेली. "शाब्बास!" अगदी ओठांवर आलं होतं. कात्रीनं ते घासाबरोबर गिळलं. अन्नापेक्षा शब्द गिळायला जड असतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

मास्तर घरात पाळायचे. पण पडदा ओलांडला की मोकळे! "दुकानात बोलावंच लागतं. लोक त्यासाठी येतात," म्हणायचे. अहो, लोक कपड्यांसाठी येत होते. आरोळी त्यांना फुकट मिळत होती.

आणि एका सकाळी, लेक टेबलाशी पेन्सिल घेऊन बसलेली असताना, त्यांनी एका गुबगुबीत मुलीला पाटावर चढवलं. "कंबर, लिही! बाई गं, टेप पुरेना! ताई, हिचं ताट जरा लहान करा!" मुलीची आई फिदीफिदी हसली. लेकीची पेन्सिल कागदावर तशीच थांबली. कात्रीनं ते बघितलं. इतक्या दिवसांचं अंडं, पाव, मांजर, सगळं एका आरोळीत पाण्यात गेलेलं तिला डोळ्यांसमोर दिसलं.

ती उठली. नवऱ्याच्या हातातून टेप ओढून घेतला. "चढा पाटावर."

"अगं, गिऱ्हाईक आहे..."

"गिऱ्हाइकांनाच दाखवायचंय. चढा म्हणते ना! हात वर करा." आणि आवाज असा लावला, की पलीकडचा वाणी बाहेर आला. "पोट, लिही! अहो, श्वास सोडा, कुणापासून लपवताय? तीनशेपासष्ट दिवस आम्ही बघतोच आहोत! ताई, बघा हो, टेप पुरतोय का? का दोन टेपांची गाठ मारू? यांचं ताट लहान करू का परात काढून घेऊ?"

महिनोन्महिने कोंडलेली जीभ ती. आता कुणाला ऐकते! दुकान खदखदलं. तीच मघाची आई डोळे पुसत हसत होती. मास्तर पोट आत ओढून उभे, कान लाल, हात अजून वर. खाली घ्यावेत हे त्यांना सुचलंच नाही. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते.

लेकीनं पेन्सिल टेबलावर ठेवली.

"आई, पुरे," ती म्हणाली. "आज ते जेवणार नाहीत."

हसणं बंद झालं. कात्रीच्या हातातून टेपाचं टोक सुटलं.  तिला लाज वाटली. नवऱ्याची तर वाटलीच, पण स्वतःची जास्त वाटली.

दुपारी तिघं पडद्यामागे बसले. मास्तरांनी भात चिवडला आणि ताट बाजूला सारलं. "भूक नाही मला."

"मला पण अशीच नसायची," लेक म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं म्हणा ना, कारण आजवर ते टेपच बघत आले होते. त्यांचे डोळे भरून आले. "चुकलं गं माझं," म्हणाले. लेकीनं त्यांचं ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं आणि आपलं स्वतःपुढे ओढलं. कुणी कुणाला खा म्हटलं नाही. मग कात्रीनं सांगितलं, की समोरच्या मांजराला पिल्लं झाली.

तेव्हापासून मास्तर टेप दातांत धरून आपले आकडे आपणच लिहितात. वेळ लागतो. लोक कुरकुरतात. एखादी म्हणतेच, "मास्तर, जरा सांगा ना हिला खाण्याचं..." मग मास्तर दातांतला टेप काढून म्हणतात, "ताई, मी कपडे शिवतो. बाकीचं मला कळत नाही." इतकी साधी गोष्ट कळायला माणसाला अर्धं आयुष्य लागावं! पण लागलं. आणि 'ढब्बू' ही हाक त्या घरातून गेली. लेकीला आता तिच्या नावानं बोलावतात.

सगळं काही लगेच सरळ झालं नाही. वाईट दिवस आले, डॉक्टरीणबाईंकडच्या फेऱ्या पुढेही चालू राहिल्या. पण थंडी सरता सरता एका दुपारी लेक तोच गणवेश घेऊन आईपुढे उभी राहिली. "सैल कर. बसता येत नाही यात."

कात्रीनं मान खाली घातली, म्हणजे डोळे दिसायला नकोत. "नवा शिवते की."

"नको. हाच."

तिनं एकेक शिवण उसवली, शेवटच्या, बाहेरच्या ओळीपर्यंत. कापड मोकळं झालं. भोकं तेवढी राहिली, इस्त्री फिरवली तरी राहिली. ती दुमड घालत बसली असताना ती त्या दिवशीची, फिदीफिदी हसणारी आई लेकीला घेऊन आत आली. वाकून बघायची सवय कुठे जाते? "एवढी भोकं कसली हो कापडाला? कीड लागली का?"

"कीड नाही," कात्री म्हणाली. "आमच्या अकलेची आहेत. आता तुम्ही बाहेर बाकावर बसा. तुमच्या मुलीचं माप घ्यायचंय."