डोक्याशी बसणारा केरबा

जनावरांनाही कापाकापीआधी भूल देतात, असं सांगितलं की चांगली शिकली-सवरलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. दुखणं जणू फक्त माणसालाच असतं! निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या सलोत्री दवाखान्यात, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात, अशी भूल दिली जायची. माझे अब्बा, मोहियोद्दीन, तिथले डॉक्टर. औषध अब्बा द्यायचे, पण जनावराच्या डोक्याशी बसून त्याचा जीव सांभाळायचा केरबा.

केरबा धनगर, छावणीपलीकडच्या वस्तीवरचा. दवाखान्यात तो लागला दोरासाठी. तेव्हा बैलाचं काही कापायचं तर दोर टाकून त्याला पाडायचं, चौघांनी वर बसायचं आणि त्याच्या हंबरण्याकडे दुर्लक्ष करून सुरी चालवायची. त्या धुमश्चक्रीत कुणाचा पाय मोडायचा, कधी बैलाचा, कधी माणसाचा. मग औषधं आली. घोड्याच्या तोंडाला तोबऱ्यासारखी पिशवी बांधून तिच्यात क्लोरोफॉर्मचा बोळा ठेवायचे. बैलाला क्लोरल. पांढरे खडे, वास असा की नाकाला झोंबावा. ते पाण्यात विरघळवून रबरी नळीनं मानेच्या शिरेत सोडायचे. पण ही औषधं मोठी बेभरवशाची. झोप आणि मरण यांच्यात फारसं अंतर ठेवत नाहीत. म्हणून डोक्याशी शहाणा माणूस लागतो. केरबा एक बोट जनावराच्या पापणीला लावायचा, दुसऱ्या हाताचा तळवा नाकपुडीपुढे धरायचा आणि अब्बांना सांगत राहायचा, "हाय साहेब... हाय... जरा थांबा... आता सोडा."

आणखी एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट भरलेलं असलं तर भुलेत सगळं उलटून घशात येतं आणि श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं. म्हणून आदल्या दिवसापासून त्याला उपाशी ठेवायचं, तोंडाला मुसकं बांधायचं. शेतकऱ्यांना काही हे पटायचं नाही. केरबा बैलाचं तोंड हुंगायचा आणि मालकाला भर आवारात सोलून काढायचा.

"काय बद्रीनाथ, कडबा चारलास नव्हं?"

"मूठभरच, केरबादादा. बघत व्हता माझ्याकडं."

"मंग आता तू बघ त्याच्याकडं. मेला तर माझ्या साहेबाच्या नावानं बोंबलत येशील! चल, उद्या ये."

हाच केरबा घरी मात्र काही समजावून सांगायचा नाही. बहुतेक नवरे असेच असतात, त्यात धनगर काय आणि डॉक्टर काय.

त्याचा बैल हौशा. आई मेलेलं वासरू केरबानं आणि त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, शेळीचं दूध पाजून जगवलेलं. त्या हौशाच्या शिंगाच्या मुळाशी कॅन्सर झाला. शिंग लोंबायला लागलं, नाकातून रक्त यायचं. अब्बा म्हणाले, शिंग मुळापासून काढलं तर वाचेल.

सुगंधाबाई अडून बसली. "डाग द्या, न्हाईतर पडू द्या तसाच. पर त्या झोपंच्या पान्याखाली घालू नका."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाय कळत. मेल्यावानी पडल्यालं जनावर परत उठंल, हे तुमच्या साहेबाला तरी कळतंय का?"

"अगं, रोज उठत्यात. म्या बसतो ना डोक्याशी."

शेवटी तिनं हट्ट सोडला. केरबानं हौशाला मुसकं बांधलं आणि म्हणाला, "कायबी घालायचं नाय. साहेबाचा हुकूम हाय." बस्स, एवढंच. का घालायचं नाही, हे परक्या बद्रीनाथला जितकं ओरडून सांगितलं होतं त्याच्या पाव भागही बायकोला सांगितलं नाही.

सकाळी हत्यारं उकळायला केरबा पुढे गेला. बैल आणायचं काम सुगंधाबाईकडे होतं. आता धनगराच्या घरची रीत सांगते, ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. खाटीक मेंढरं न्यायला येतो त्या दिवशी मेंढरांना चारत नाहीत. मेंढवाड्यातून उपाशी निघतं ते सुरीखाली जाणारं मेंढरू. घरचं, जिवाचं जनावर कधीही रित्या तोंडानं दावणीवरून हलवत नाहीत. सुगंधाबाईनं रात्रभर ते उपाशी तोंड बघितलं होतं. तिनं मुसकं काढलं, ज्वारीचा भरडा गुळात कालवला, त्यात तीळ लावलेली भाकर कुस्करली आणि पाटीभर त्याच्यापुढे ठेवली. "खा माझ्या राजा. तुला काय खाटकाकडं नाय न्हेत." त्यानं पाटी चाटूनपुसून खाल्ली. तिनं त्याचं तोंड धुतलं, मुसकं पुन्हा बांधलं आणि त्याला घेऊन निघाली.

त्या दिवशी केरबानं हौशाचं तोंड हुंगलं नाही. स्वतः बांधलेलं मुसकं, स्वतःच्या घरचा बैल, हुंगायचं कशाला?

सुगंधाबाईला फाटकाबाहेर थांबवलं. क्लोरल शिरेत गेलं, हौशाचे पाय लुळे पडले, केरबानं त्याला अलगद आडवं केलं आणि डोकं मांडीवर घेतलं. "हाय साहेब... हाय." अब्बांनी शिंगाच्या मुळाशी सुरी लावली आणि तेवढ्यात हौशाच्या तोंडातून, नाकातून पाण्याचा लोंढा आला. केरबानं डोकं खाली वाकवलं, जीभ बाहेर ओढली, कोपरापर्यंत हात घालून घसा मोकळा करत राहिला. कंपाउंडर मजीद छाती दाबत होता. काही उपयोग झाला नाही. हौशाच्या छातीत घरघर झाली आणि थांबली.

केरबाच्या मुठीत भरडा होता, आणि भाकरीचे तुकडे. तीळ लावलेले.

अब्बा भडकले. "किसने खिलाया?"

केरबानं एकवार फाटकाकडे बघितलं. मग म्हणाला, "म्याच चारलं, साहेब. जीव ऱ्हाईना."

"तूने? तू लोगों को सिखाता है, और तूने?"

"व्हय. म्याच."

अब्बांना खोटं बोलणाऱ्याची चीड होती आणि हलगर्जीपणाची त्याहून जास्त. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम दिला: हा माणूस पुन्हा कुठल्याही जनावराच्या डोक्याशी बसणार नाही. मजीद बसेल. केरबा हौदाचं पाणी भरेल.

बाहेर जाऊन केरबानं बायकोला सांगितलं, "औषध मानवलं नाय त्याला." दोराचं, भुलेचं काम आपणच सोडलं, असंही सांगितलं. तिला ते पटलं. बैल मारणारं काम कुठला शहाणा पुढे करेल? त्यानंतर तिनं आमच्या दारात पाऊल टाकलं नाही.

केरबा पाणी भरत राहिला. आत जनावराला भूल देत असले की हौदाशी उभा राहून कान टवकारायचा. मजीदनं दोन जनावरं गमावली. केरबा काही बोलला नाही, अब्बांनीही विचारलं नाही. दोघंही हट्टी.

पुढे निजामाचं राज्य बुडायच्या बेताला आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी हैदराबादच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. घोंगडी हवी होती म्हणून वस्तीवर गेले. सुगंधाबाईनं मला ओळखलं, घोंगडी दिली आणि वर ऐकवलंही. "तुझ्या बापानं माझा बैल मारला, पोरी. आता तुझ्यावर काय राग धरू? येवढंच समाधान हाय, रिकाम्या पोटी नाय गेला. मुसकं काढून माझ्या हातानं चारलं व्हतं त्याला. आमच्या ह्यांना पत्ता नाय."

मी सलोत्र्याची मुलगी. मला काय ते लगेच समजलं. घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग शेरवानी चढवली आणि म्हणाले, "चल."

केरबा अंगणात दोर वळत होता. अब्बांना बघून उठला.

"केरबा, तूने नहीं खिलाया था."

"हळू बोला, साहेब. ती आत भाकरी थापतीय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तिनं दूध पाजून वाढिवला व्हता. तिच्या हातून मेला म्हून सांगू?"

अब्बा म्हणाले, "उद्यापासून पुन्हा डोक्याशी बस. माझा हुकूम आहे."

"नगं, साहेब. ती इचारंल, इतक्या वर्सांनी परत कसं घेतलं. मंग समदंच निघंल."

तेवढ्यात पिठाच्या हातांनी सुगंधाबाई बाहेर आली. "अगोबाई! वाट घावली म्हनायची! बैल मारून इतकी वर्सं तोंड लपिवलं, आज कशाला आला?"

माझे अब्बा सुभेदारापुढेही मान न वाकवणारे. हातून औषधाचा थेंब कमी-जास्त झाला नाही, याची त्यांना घमेंड होती. ते म्हणाले, "तेच सांगायला आलो, बाई. दवा जास्त झाली माझ्याकडून. माफ करा."

ती उंबऱ्यावर बसली आणि पिठाचे हात तसेच तोंडावर घेऊन हौशाचं नाव घेऊन रडायला लागली. केरबा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"उगी," तो म्हणाला. "कबूल केलं ना त्यांनी."

केरबा पाणीच भरत राहिला, हाताला बादली पेलेनाशी होईपर्यंत.