‘चाव’ म्हणजे नमस्कार

लहान मुलांना परकी भाषा शिकवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते वहीच्या समासात आपोआप साठतात. पुढचे चार मी गेल्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, गुलमंडीतल्या चहाच्या दुकानात फरहीनताईकडून ऐकले. ती एम.ए.ला मला एक वर्ष सीनियर. शेंद्र्याच्या एका कारखान्यातली काही कुटुंबे इटलीला जाणार होती. त्यांच्या मुलांना ती इटालियन शिकवत होती.

पहिल्या दिवशी तिने फळ्यावर देवनागरीत लिहिले : ‘चाव’. म्हणजे नमस्कार. चहातला च आणि चावण्यातला च आपली लिपी वेगळा दाखवत नाही. सहा वर्षांची तन्वी शेजारच्या झोयाच्या दंडाला कडकडून चावली!

“मॅडम, तुम्हीच तर लिहिलं!”

झोयाच्या घरून आलेली ही पहिली तक्रार.

आईला इटालियनमध्ये ‘मामा’. गृहपाठ दिला, मामाचे चित्र काढा. जवळजवळ सगळ्या चित्रांना मिशा! एकाला नव्हत्या, म्हणून ताई सुखावली. ते काढणारा मुलगा म्हणाला, “आमचा मामा रोज दाढी करतो.”

मिठाला ‘साले’. झोयाने जेवताना वडिलांपुढे हात केला, “अब्बू, साले!” अब्बूंचा घास हातातच राहिला. समोर बसलेले मामू अदबीने म्हणाले, “हाजिर हूँ!”

दुसऱ्या दिवशी झोयाची अम्मी क्लासवर. “मॅडम, ये कैसी जबान सिखा रे तुम?”

क्लासच्या मालकीण देशमुखबाईंनी ताईला बजावले, “शनिवारी पालकांसमोर डेमो. आणखी एक तक्रार आली, की बॅच बंद.” ताईची ती पहिलीच नोकरी.

शनिवारी ताईने सफरचंदाचे चित्र उचलले. मुले एका सुरात ओरडली, “ला मेला!”

पालकांच्या भुवया चढल्या. देशमुखबाई खुर्चीतून उठल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून, पैठणहून आलेल्या तन्वीच्या आबांचा आवाज आला, “कोन मेला गं?”

“आबा, ते सफरचंद! आणि ‘ला’ लावलं की ती बाई असते!”

“बाई हाय व्हय? मंग मेली म्हना की! येवढं व्याकरन नाय का त्यांच्यात?”

असा हशा पिकला, की देशमुखबाई हसत खाली बसल्या. बॅच चालू राहिली.

झोयाच्या घरचे तेवढे तिच्या अम्मीकडून कळलेले. बाकी सारे ताईच्या डोळ्यांदेखतचे. एक गोष्ट मात्र मला अखेरपर्यंत पडताळता आली नाही. तन्वी सांगते, ती इटलीला जाणार म्हणून आबा रोज फोनवर तिच्याकडून एक शब्द शिकून घेत होते. आणि ‘मेला’ डेमोच्या आधीच्या मंगळवारीच शिकून झाला होता.