जर्नलशी न जुळलेला आकडा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला मी साठा व्यवस्थापन शिकवत असे. माल किती उरला की नवा मागवायचा, आणि किती मागवायचा, एवढाच तो विषय. फळ्यावर सूत्रं लिहिली की पोरं जांभया द्यायची, म्हणून दोन हजार सालाच्या आसपास मी तो संगणकावर नेला. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकानं एक दुकान चालवायचं. रोज गिऱ्हाईक किती येणार, ते संगणकच चिठ्ठ्या उचलल्यासारखं ठरवणार. एफ-नाइनचं बटण दाबलं की सगळे आकडे बदलणार आणि दुकानाचं नवं वर्ष सुरू होणार.

आमच्या पोरांना हे बदलते आकडे मुळीच सोसले नाहीत. बाहेरचे परीक्षक जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, लिहिलेला आकडा पडद्याशी ताडून बघतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग सगळ्यांनी सूत्रं पुसून तिथं नुसते आकडे चिकटवले. शीट गोठली, जर्नल जुळलं, काळजी मिटली!

एकीनं मात्र तसं केलं नाही. गडहिंग्लजची मुलगी. तिच्या मामांचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान होतं, तेच तिनं शीटमध्ये उभं केलं होतं. कोल्हापूरहून एसटीनं जाणारं बेअरिंगचं पार्सल कधी वेळेवर पोचतं, कधी रखडतं, हेही त्यात होतं. पुण्याच्या एका कारखान्यात तिची नोकरी ठरली होती, पण ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, सुटली तरच.

ओरलच्या दिवशी परीक्षकांनी तिचं जर्नल उघडलं, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आकडा जुळत नाही. कुणाचं उतरवलंस?"

मी शेजारीच बसलो होतो. काही बोलणार, तोच तिनं तोंड उघडलं.

"जुळणारच न्हाई, सर. उद्या किती गिऱ्हाईक येतंय, ते आज कुणाला ठाऊक हाय?" मग जीभ चावून हळूच म्हणाली, "तुम्हीच दाबून बघा."

त्यांनी एफ-नाइन दाबलं. आकडे बदलले. पुन्हा दाबलं, पुन्हा बदलले.

"मग या खेळातून मामांना सांगणार काय?"

"पुष्कळदा दाबून बघितलंय, सर. बारा बेअरिंग उरली की लगेच मागवली, तर गिऱ्हाईक क्वचितच परत जातं. आठ उरेपर्यंत थांबलं, तर सारखं कुणीतरी हात हलवत जातं."

त्यांनी आठावर करून पाहिलं, बारावर करून पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढली. साहेब चक्क रमले! मला तिचा केवढा अभिमान वाटला. सूत्रं मी शिकवली होती, पण परीक्षकासमोर 'उद्याचं ठाऊक नाही' असं ठणकावून सांगण्याची हिंमत तिची स्वतःची होती.

ती बाहेर गेल्यावर त्यांनी तिच्या नावापुढं पैकीच्या पैकी गुण मांडले. पुढच्या मुलाला म्हणाले, "दाब एफ-नाइन." त्याची शीट ढिम्म हलली नाही. त्यानं बाहेर जाऊन ती बातमी सगळ्यांना दिली.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायला उठलो, तर व्हरांड्यात सगळा वर्ग तिच्याभोवती जमलेला.

"अगं, आमची शीट हलंना झालीया! सूत्रं परत कशी आणायची, सांग की!"

ती खाली बसून एकेकाला समजावत होती. तिची गडहिंग्लजची गाडी कधीच चुकली होती. मला बघून ती उठली. चेहरा उतरलेला.

"सर, सुटेन ना मी?"

गुण सांगायची मला मुभा नव्हती.

"मामांना फोन कर," मी म्हणालो. "म्हणावं, सर पेढे खायला येणार आहेत."