वर्षातून किती मीटिंगा?

किस्से ठेवायला गोदाम लागत नाही म्हणून बरं. नाहीतर आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या किश्शांसाठी मला, या मसाल्याच्या दुकानदाराला, दोन गोदामं भाड्याने घ्यावी लागली असती!

मंडळाची मीटिंग दर महिन्याला एका रविवारी, तोआ पायोहच्या एका हॉलमध्ये. एकदा गणपतीला शिरा की मोदक यावर तीन तास वाद झाला. ठरलं काय? पुढच्या मीटिंगमध्ये ठरवायचं!

*

आयटीवाले कुलकर्णी वैतागले. त्यांची मुलगी घरी सिंगापुरी इंग्रजीत म्हणे, "पप्पा, every month meeting for what, lah?" त्यांनी ठराव आणला : मीटिंग वर्षातून एकदाच. रीतसर चिठ्ठ्या टाकून मतदान.

मी हादरलो ते अध्यक्ष जोगळेकरकाकांसाठी. काकू गेलेल्या, मुलगा-सून दिवसभर कामावर. बुकित बातोकच्या फ्लॅटमधून काका महिन्यातून या एकाच रविवारी कडक इस्त्री करून बाहेर पडायचे. हाही रविवार गेला तर माणसाने करायचं काय?

*

मीटिंगा कमी करायच्या की नाही, यावर किती मीटिंगा व्हाव्यात? चार! तुआसला जहाजाच्या कामावर असलेले सावंत ठरावाच्या बाजूने चाळीस मिनिटं बोलले. वर म्हणतात, "थोडक्यात सांगतो!"

*

मतदानाचा रविवार. ठराव मांडणारे कुलकर्णीच गायब! मी फोन लावला.

"अहो शेठ, रविवारी कोण मीटिंगला येतं? माझं मत फोनवर धरा ना."

मतमोजणीला बँकेतल्या शुभदाताई. त्या डबा घट्ट धरून म्हणाल्या, "चिठ्ठी डब्यात नाही, तर मत नाही!"

मी आतून खूश. एक मत गेलं, काका वाचले!

*

ताईंनी चिठ्ठ्या मोजल्या. परत मोजल्या. बारा-बारा! अध्यक्षाने एरवी मत द्यायचं नाही आणि बरोबरी झाली तर त्यानेच निकाल द्यायचा, असा आमचा नियम. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आपल्याच हाताने आपला रविवार कोण घालवेल?

काका उठले. सदऱ्याची घडी सारखी केली.

"वर्षातून एकदा."

सावंत "थोडक्यात सांगतो" म्हणत उठले! त्यांच्याआधी मीच ओरडलो, "काका, अहो, हे काय केलंत?"

"शेठ, दर महिन्याला तुम्ही सगळे घड्याळाकडे बघत बसता," काका म्हणाले. "वर्षाने आलात, तर निदान माझ्याकडे बघाल."