शिवलीलानं घेतलेलं नाव

पंचशीला लहानपणापासून भित्री. मुखेडच्या शाळेत गुरुजींनी नाव पुकारलं की तिचं येत असलेलं उत्तर घशातच अडकून बसायचं. वडील ग्यानोबा तहसिलात शिपाई होते. पोरगी शिकून नोकरीला लागली की भीती आपोआप जाईल, असं ते म्हणायचे. पंचशीलानं नांदेडला डी.एड. केलं, नेमणुकीचा कागदही आला. पण भीती गेली नाही. ती तिच्याबरोबरच नोकरीवर रुजू झाली.

नेमणूक मिळाली निलंगा तालुक्यातल्या येळीखेडला. लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. शाळेच्या पाटीवरचं ‘उस्मानाबाद’ चुन्यानं पुसून त्यावर निळ्या रंगात ‘लातूर’ लिहिलं होतं, पण चुना पातळ बसल्यामुळं जुनं नाव खालून दिसत राहायचं. पंचशीला निलंग्यात खोली करून राहायची. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि तिथून शाळेपर्यंत चालत जायचं. शाळेत शिक्षक दोनच. तिसरी-चौथी हेडमास्तर निजामोद्दीन गुरुजींकडं, पहिली-दुसरी तिच्याकडं.

आधीच्या मास्तरांचा हात फार चालायचा. त्यामुळं पंचशीलानं फळ्यावर लिहायला खडू उचलला तरी पुढच्या रांगेतली पोरं माना खाली घालायची. ती पोरांना भ्यायची, पोरं तिला. सगळे दिवसभर एकाच खोलीत एकमेकांना भिऊन बसलेले. शाळा सुटली की तिला हायसं वाटायचं आणि झोपताना उद्याची धडकी भरायची.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पावसानं दगा दिला. संक्रांतीलाच गावचा आड आटला. टँकर आला तर आला. शाळेचा रांजण भरायला कुणी राहिलं नाही, तेव्हा गुरुजींनी प्रत्येक पोराला घरून एक तांब्या पाणी आणायला सांगितलं. गावाबाहेरच्या वस्तीतली पोरं आपला तांब्या रांजणात न ओतता आपल्याजवळच ठेवायची, त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

एक दिवस तालुक्याचे साहेब तपासणीला आले आणि तिच्या वर्गात मागं खुर्ची टाकून बसले. पंचशीला कविता शिकवायला उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. घशाला कोरड, साहेब बघतायत. तेवढ्यात दुसरीतली शिवलीला उठली आणि रांजणात ओतायला आणलेला तांब्या तिनं बाईंच्या हातात दिला. पंचशीला ओठ न लावता वरून धार धरून पाणी प्याली. लहानपणापासून तीच सवय लागलेली. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, “पाणी कुणी भरलं गं?”

“अव्वानं,” शिवलीला म्हणाली. आजीला त्यांच्या घरात अव्वा म्हणत.

“मग अव्वाला सांग, तुमच्या पाण्यानं बाईंना बोलता आलं म्हणावं.”

पोरं हसली. त्या खोलीत पोरं हसल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. साहेबही हसले आणि कविता सुरळीत पार पडली.

दुसऱ्या दिवशी सगळ्याच पोरांना तसं विचारून घ्यायचं होतं. मग रोजचंच झालं. तांब्या रांजणात ओतायचा आणि ते पाणी कुणी भरलं, कसं भरलं ते सांगायचं. कुणी म्हणे, आईनं. तिच्या हाताला फोड आलाय. कुणी म्हणे, दादानं सायकलवर डबा बांधून आणलं, वाटंत पडला, तरी आणलं. प्रत्येकाला पंचशीला सांगायची, “घरी गेल्यावर सांग, बाईंनी आठवण काढली.” पहिलीची पोरं त्याच माणसांच्या नावांतून अक्षरं शिकू लागली. खडू उचलल्यावर माना खाली जाईनाशा झाल्या. फाट्यावरून चालताना आज कोण काय सांगेल याचा विचार आपण करतोय, हे एक दिवस तिच्या ध्यानात आलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. आपण सुखात आहोत की काय, अशी शंका तिला आली. पण मुळात स्वभाव भित्रा. सुखाचीही तिला थोडी भीतीच वाटली.

मार्चात एका सकाळी शिवलीलाची पाळी आली. ती रोजच्यासारखी ताठ उभी राहिली.

“आमचं पाणी अव्वानं न्हाई भरलं,” ती म्हणाली. “भीमनगरच्या धुरपतामायनं भरलं. अव्वाचे गुडघे दुखतेत म्हणून माय आमची घागर हापशावर भरून बांधावर ठिवती. आज मी अव्वासंगं गेल्ते. मी बघितलं.”

भीमनगर म्हणजे गावाबाहेरची बौद्धांची वस्ती. गावात कुठंच बोअरला पाणी लागलं नव्हतं, तिथं लागलं. तिथल्या हापशावर पहाटे तोंडावरून पदर घेऊन गावातल्या काही बाया येतात, हे पंचशीलाच्या कानावर होतं. ज्यांनी जन्मभर त्या वस्तीच्या हातचं पाणी घेतलं नाही, त्या घरांतल्या बाया. आणि शिवलीला तर गावात वजन असलेल्या चन्नबसप्पांची नात. दुसरीतल्या एका पोरानं रांजणाकडं बघितलं, मग स्वतःच्या रिकाम्या तांब्याकडं. गावातली सगळी पोरं रोज त्याच रांजणातलं पाणी प्याली होती.

सात-आठ वर्षांपूर्वी मामाच्या गावात बौद्धांची जळालेली घरं पंचशीलानं डोळ्यांनी बघितली होती. ते कशावरून सुरू झालं, हे शेवटपर्यंत कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. असंच काहीतरी असेल, एवढंसं. आणि इथं तर लोक म्हणणार, बाई त्यांचीच; तिनंच पोरीच्या तोंडून वदवून घेतलं.

शिवलीला अजून उभीच होती. बाईंनी आठवण काढली, हे ऐकायला.

“बस खाली,” पंचशीला म्हणाली. पोरगी बसली आणि शाळा सुटेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

मधल्या सुट्टीत पंचशीलानं गुरुजींना सगळं सांगितलं. निजामोद्दीन गुरुजींची निवृत्ती जवळ आलेली. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि पुन्हा घातली. “बाई, गावाला सगळं ठावं असतं,” ते म्हणाले. “बोललं न्हाई तोवर चालून जातं.” काही दिवस हे विचारणं बंद ठेवा आणि कुणी विचारलंच तर लेकरू चुकून बोललं म्हणा, असं त्यांनी सुचवलं.

दुसऱ्या दिवशी एसटी फाट्यावर थांबली तरी पंचशीला उठली नाही. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा उतरली. नेहमीच्या वाटेवर नेहमीची माणसं होती, पण राम राम कुणी केला नाही. की तिलाच तसं वाटलं? शाळेच्या आवारात रांजण पालथा पडला होता आणि भोवतीची माती ओली होती. ज्या गावात घोटभर पाण्यासाठी भांडणं होत, तिथं कुणीतरी ते ओतून दिलं होतं. वर्गात भीमनगरची पोरं आली होती, आणखी दोघं-तिघं. शिवलीलाची जागा रिकामी.

थोड्या वेळानं धुरपताबाई दारात येऊन उभी राहिली. काटक, उंच बाई, डोक्यावर चुंबळ तशीच. ती आभार मानायला आली असेल, असं क्षणभर पंचशीलाला वाटून गेलं.

“बाई, माझं नाव काढाया कुणी सांगितलं व्हतं?” धुरपताबाईनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “माझा ल्योक नरसिंग त्या पोरीच्याच घरी सालगडी हाय. आज त्याला दारातूनच माघारी लावलं. तुमी सांजच्याला गाडीत बसून जाताव. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय.”

पंचशीला म्हणाली, “मावशी, मी पण तुमच्यातलीच आहे.”

“म्हणून तर लई भ्या वाटाय लागलंय,” धुरपताबाई म्हणाली आणि निघून गेली.

पंचशीला खुर्चीत बसून राहिली. बदलीचा अर्ज करावा, आजारी म्हणून मुखेडला निघून जावं, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. कुणाचे उपकार मोठ्यानं बोलून दाखवले की ज्यानं केले त्याच्याच अंगावर येतात, हे तिला कोणत्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. पण त्या सगळ्यात एकच गोष्ट तिला टोचत राहिली. त्या पोरीनं काहीच चुकीचं केलं नव्हतं आणि तिला खाली बसवलं ते गावानं नव्हे. आपण.

तिनं गुरुजींना वर्ग बघायला सांगितलं आणि चन्नबसप्पांच्या घराकडं निघाली. गुरुजींनी दोनदा हाक मारली. ती थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा चालू शकली नसती.

चन्नबसप्पा ओसरीवर बसले होते. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, अंगात पांढरी बंडी. त्यांनी बस म्हटलं नाही. पंचशीला पायरीखालीच उभी राहिली.

“त्याच पाण्यानं माझी रोजची पूजा झाली, बाई,” ते म्हणाले. “माझ्या घरात पाणी कुठनं येतं, ते मला पोरीच्या शाळेतून कळावं?”

ते ओरडतील, असं तिला वाटलं होतं. पण त्यांचा आवाज खोल गेला होता. म्हाताराही घाबरलाय, हे तिला तेव्हा कळलं. लोक काय म्हणतील, मठात काय बोलणं होईल, पंगतीला बोलावतील का नाही. सगळं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“अप्पा,” ती म्हणाली. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. “पोरगी खरं बोलली. मी तिला शाबास म्हणायला पाहिजे होतं. मी भ्याले. तेवढं म्हणायला आले.”

आतल्या दाराआड शिवलीला उभी होती. गालावर बोटांचे वळ होते. पंचशीलानं तिच्याकडं बघून म्हटलं, “शिवलीला, शाबास. धुरपतामायची बाईंनी आठवण काढली.”

पोरगी रडायला लागली. तिच्या मागून भामाबाई, तिची आजी, भिंतीला धरत बाहेर आली. बहात्तरच्या दुष्काळात ती आणि धुरपता रोजगार हमीच्या कामावर एकाच ढिगाऱ्यावर बसून खडी फोडायच्या, असं तिनं सांगितलं. तेव्हा कुणी जात विचारली नव्हती, विचारायला अंगात जीवच नव्हता. आता गुडघे गेल्यावर धुरपतानं आपणहून घागर मागून घेतली. “तिनं इतके दिस पाणी दिलं,” भामाबाई नवऱ्याला म्हणाली, “अन् म्या एकदा तोंडानं बरं सुदिक म्हणलं न्हाई. उलट पदराआड लपवलं. ह्या लेकरानं म्हणलं, तर तिला मारलं तुमी.”

चन्नबसप्पांनी नातीच्या गालाकडं बघितलं. मग पंचशीलाला म्हणाले, “तुमी जावा आता.”

ती आली तशीच भीत परत गेली. पुढचे दोन दिवस काहीच घडलं नाही आणि तेच जास्त भयानक होतं. टँकर आला नाही. पदर घेऊन येणाऱ्या बाया बंद झाल्या आणि गावातल्या घागरी रिकाम्या पडल्या. फाट्यावर कुणी मोठ्यानं बोललं तरी पंचशीला मागं वळून बघायची.

मग एका सकाळी, चांगलं ऊन वर आल्यावर, भामाबाई काठी टेकत भरगावातून भीमनगरकडं निघाली. बरोबर घागर घेऊन शिवलीला. शाळेच्या व्हरांड्यातून हापसा दिसायचा. गुरुजी आणि पंचशीला बघत उभे राहिले. दारादारांतून बाया बघत होत्या. धुरपताबाई हापशाजवळच होती. तिनं आधी आजूबाजूला बघितलं, दांडा धरला, सोडला, परत धरला. भामाबाई तिच्याशी काहीतरी बोलली, काय ते इतक्या लांबून कुणाला ऐकू आलं नाही. मग धुरपताबाईनं हापसा मारायला सुरुवात केली. पाणी घागरीत पडल्याचा आवाज मात्र व्हरांड्यापर्यंत आला.

सगळं गोड झालं, असं नाही. नरसिंगला चन्नबसप्पांनी परत बोलावलं, पण त्याच्याशी ते पूर्वीइतकं बोलेनात. गावातल्याच महादेवप्पांनी आपली दोन्ही नातवंडं शाळेतून काढून निलंग्याला घातली आणि ती पुन्हा आली नाहीत. काही बाया दिवसाढवळ्या हापशावर येऊ लागल्या, काही तहानेल्या राहिल्या पण आल्या नाहीत. घरं मात्र जळाली नाहीत. पंचशीला कितीतरी दिवस बसच्या खिडकीतून आधी गावावर धूर दिसतो का ते बघायची.

वर्ग हळूहळू भरला. तिनं स्वतःहून काही विचारलं नाही, तिचा धीरच होत नव्हता. पोरांनीच एक दिवस ओळीनं उभं राहून सांगायला सुरुवात केली आणि ती ऐकत राहिली. प्रत्येक नावागणिक तिच्या मनात यायचं, हे नाव कुणाला महागात पडणार तर नाही? तरीही ती त्यांना थांबवत नव्हती. आणि भीत भीत का होईना, या पोरांत आपला जीव रमलाय, हे ती आता स्वतःशी कबूल करायची.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा धुरपताबाई नातीला घेऊन आली. पोरीचं पहिलीचं वय कधीच उलटून गेलं होतं. गावाच्या भीतीनं धुरपताबाईनं तिला घरीच ठेवलं होतं.

“हिला घ्या,” ती म्हणाली. “हिला बी बोलाया शिकवा. पर जरा बेतानं शिकवा.”

पंचशीलाला हसू आलं. धुरपताबाई हसली नाही, पण दाराबाहेर लिंबाखाली जाऊन बसली आणि पोरीचं रडणं थांबेपर्यंत उठली नाही.