पाणी उतरलं की जायचं होतं

न उलगडणाऱ्या अनुभवांचं हे सदर मी गेली कित्येक वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दुपारी चहाच्या वेळी आम्ही तिघी-चौघी तुमचे अनुभव मोठ्याने वाचायचो आणि एकेकाचं निदान करायचो... याची शुगर लो झाली असणार, हिला झोप कमी पडली असणार. जे काचेखाली दिसतं तेवढंच असतं, असं मानणारी मी बाई. त्यामुळे मी लिहितेय ते वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही.

आम्ही सूसला राहतो. मी, माझे मिस्टर मिलिंद आणि आमची एकुलती एक मुलगी सई. म्हणजे... राहत होतो तिघं. सई तेवीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. शनिवार-रविवार कधी घरी नाही. कुठला तरी गड, कुठली तरी घळ, नाहीतर नदीत कयाक घेऊन. मी मात्र आयुष्यात कधी तंबूत झोपलेली नाही. मला माझी उशी लागते, सकाळचा आल्याचा चहा लागतो, आणि उजवा गुडघा दुखतो.

माझ्या पन्नाशीला सईने ठरवलं, की आईला बाहेर काढायचं. एप्रिल-मेमध्ये मुळशी धरणाचं पाणी उतरतं. सूसहून निघालं, पिरंगुट-पौड मागे टाकून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं, की डाव्या-उजव्या हाताला हे बॅकवॉटर दिसत राहतं. पावसाळ्यानंतर समुद्रासारखं पसरलेलं असतं ते उन्हाळ्यात आत आत सरकतं आणि तळ उघडा पडतो. भेगाळलेला गाळ, जुन्या शेतांचे दगडी बांध, झाडांची खोडं, आणि मधोमध मुळा नदीची मूळची चिंचोळी वाट. या तळावरून चालत जायचं, नदीच्या पात्रात कयाक चालवायची, पलीकडच्या काठावर तंबू टाकायचा, असा तिचा बेत.

तिने त्याची एक शीट केली होती. नाव ठेवलं होतं ‘आई मोहीम’. किती वाजता निघायचं, कुठे गाडी लावायची, किती चालायचं. दर थोड्या वेळाने एक ओळ — ‘इथे आई बसेल’. एका ओळीत लिहिलं होतं, ‘टॉयलेटचा वेगळा तंबू आहे. आई, वाचलंस ना? आता हे कारण चालणार नाही.’ त्याच वर्षी मे महिन्यात ती दोन मैत्रिणींबरोबर जागा बघूनही आली होती. मी आपली टाळत राहिले. आधी म्हटलं उन्हाळा फार आहे. मग गुडघा. मग म्हटलं, बरं बाई, पुढच्या वर्षी पाणी उतरलं की नक्की.

डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी ऑफिसला जाताना तिच्या दुचाकीला डंपरने उडवलं. दुपारी सगळं संपलं होतं.

त्यापुढच्या महिन्यांबद्दल मी लिहिणार नाही.

एप्रिलमध्ये एका गुरुवारी मी कामावर असताना माझा मोबाइल वाजला. सईने माझ्याच फोनमध्ये कधीतरी लावून ठेवलेली सूचना होती. ‘पाणी उतरलं का बघून ये. बाबाला घेऊन जा.’ मी लॅबमधून उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. संध्याकाळी मिलिंदला दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, “रविवारी जाऊ.”

तर त्या रविवारी आम्ही गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. धरणाच्या काठावरचं, वीस-पंचवीस घरांचं गाव आहे. शीटमध्ये लिहिलं होतं तिथे, देवळामागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं. समोर पाणी खूप लांब गेलेलं, आणि मधला सगळा तळ राखाडी, भेगा पडलेला.

उतरून तळावर आलो आणि मिलिंदने मला हाताने थांबवलं. पायाशी एक दगड होता, त्याला चुना फासलेला. वीस-एक पावलांवर दुसरा. मग तिसरा. ओळ सरळ पाण्याकडे न जाता डावीकडून वळसा घेऊन गेली होती.

“एखाद्या ग्रुपने लावले असतील,” मिलिंद म्हणाला.

आम्ही त्या दगडांवरून चालत गेलो. थोडं गेल्यावर दोन दगडांवर एक सपाट दगड ठेवलेला दिसला. बसायला बाक करतात तसा. बरोबर माझ्या गुडघ्याला झेपेल एवढ्या उंचीचा. मी बसले. तेव्हा माझ्या मनात काहीच आलं नाही. फक्त बरं वाटलं. पुढे तसाच आणखी एक. मग आणखी एक.

पाण्याच्या अलीकडे, ओलसर गाळावर एक बाई काकडीच्या वेलांना पाणी घालत होती. पासष्टीची असेल, काटक, पदर खोचलेला. बाजूला काटक्यांचा छोटा मांडव. आम्हाला बघून तिने कळशी खाली ठेवली आणि ओरडली, “दगडाच्या अंगानंच या! उजवीकडं जाऊ नका, वरनं वाळल्यालं दिसतंया पर गुडघाभर आत जातूया माणूस!”

आम्ही तिच्याजवळ पोचलो. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“गुडघा दुखतुया का?”

“हो मावशी. तुम्हाला कसं कळलं?”

“तुमच्या पोरीनं सांगितलं की. म्हनली, माझी आय येनार हाय, तिला ह्या वाटंनं आना. तिनंच तर लावल्यात दगडं. चुना माझ्याकडनंच नेला.”

मिलिंद शांतपणे म्हणाला, “मावशी, ती गेल्या वर्षी आली होती. मेमध्ये. दोन मैत्रिणी होत्या बरोबर.”

“गेल्या वर्साचं काय सांगताय? धा दिस झालं न्हाईत. एकलीच हुती. आन् गेल्या वर्साचा चुना ऱ्हाईल व्हय? जूनपास्नं हितं दोन पुरुस पानी हुतं. आता सरलं तवा तर जिमीन दिसाया लागली.”

मला वाटलं, कोणी दुसरी मुलगी असेल. तिचीही आई असेल, तिच्याही आईचा गुडघा दुखत असेल. असं असूच शकतं. मी मोबाइल काढला आणि सईचा फोटो दाखवला. दिवाळीतला, लांब वेणी पुढे घेतलेला. मावशींनी मोबाइल उन्हातून मांडवाच्या सावलीत नेला, डोळे बारीक करून बघितला.

“हीच. पर केस असं न्हाईत. केस बारीक कापल्यालं, पोरावानी.”

इथे मला थांबून सांगावं लागेल.

सई गेली त्याच्या आधीच्या शनिवारी ती पार्लरमधून केस कापून आली होती. कंबरेपर्यंतचे केस एकदम मानेच्याही वर. मी तिच्यावर अशी ओरडले... “कुणाला विचारून? काय अवतार केलायस, भादरून आलीस नुसती!” वाटेल ते बोलले. ते केस मी लहानपणापासून तेल लावून वाढवले होते ना. ती आधी हसत होती, मग गप्प झाली. पुढचे तीन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मंगळवारी सकाळी ती दारातून “आई, येते गं” म्हणाली, तेव्हा मी ओट्यापाशी होते आणि मागे वळून पाहिलं नाही.

त्या केसांतला तिचा एकही फोटो नाही. त्या केसांनी ती फक्त चार दिवस जगली.

मिलिंदचा हात माझ्या खांद्यावर आला. मावशींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या आपल्या सहज बोलत होत्या.

“म्या इचारलं तिला, आयेनं कापू दिलं व्हय गं? तर हासली. म्हनली, आय आधी लई चिडली. तीन दिस बोलली न्हाई. मंग म्हनली, छान दिसतंय गं. खरंच.”

मी तिथेच गाळावर बसले.

हॉस्पिटलमध्ये मला दोन मिनिटं एकटीला आत सोडलं होतं. सगळं संपल्यावर. तिच्या डाव्या बाजूला पट्टी होती, उजवीकडचे केस मोकळे होते. मी त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, छान दिसतंय गं. खरंच. खोलीत कोणी नव्हतं. मी हे मिलिंदलासुद्धा सांगितलं नव्हतं. कोणाला सांगणार होते?

मावशी घाबरल्या. “ऊन लागलं काय?” म्हणत त्यांनी मला मांडवात नेलं, पाणी दिलं. मी पाणी प्यायले आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी त्यांना प्रश्न विचारत सुटले. काय घातलं होतं? कशी दिसत होती? थकली होती का? कुठे लागलं होतं का तिला?

“कुटं लागायचं? चांगली धडधाकट हुती. चालत आली, हिकडनं, पान्याकडनं. गाडी न्हाई, काय न्हाई. दिसभर दगडं वाहिली. मी म्हनलं, अगं बस जरा, जेव. तर हितंच बसली, तुमी बसलाय तितं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, ठेच्यासंगं.”

“दोन?”

“व्हय. आन् वर काकडी.”

माझ्या घरी तिने अर्ध्याच्या वर भाकरी कधी खाल्ली नाही. मला त्या क्षणी त्या बाईचा हेवा वाटला. भीती नाही वाटली, अजिबात नाही. फक्त हेवा. माझी मुलगी तिच्यासमोर पोटभर जेवली होती.

“बोलली काय आणखी?”

“न्हाई, लई बोलत न्हवती. माझ्या वेलांना पानी घातलं, जाताना म्हनली, मावशी, आईला घाई करू नका, तिला हळूहळू चालू द्या.” मावशींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “आज का न्हाई आली ती?”

मिलिंदने तोंड फिरवलं. तो पाण्याकडे बघत उभा राहिला.

मी सांगू शकले असते. सांगायला हवं होतं, असं नंतर खूपदा वाटलं. पण त्या एका माणसाच्या जगात सई जिवंत होती, उन्हात दगड उचलत होती, भाकरी खात होती. मी म्हटलं, “कामाला गेली आहे, मावशी. सुट्टी नाही मिळाली.”

“मंग येऊ द्या रजंला,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पिशवीत चार काकड्या घातल्या.

परत येताना पौड मागे पडलं. मग मिलिंदने गाडी कडेला घेतली. तो इंजिनिअर माणूस, माझ्याहून जास्त चिकित्सक. त्याने फोनवर ती शीट उघडली, ‘इथे आई बसेल’च्या ओळी मोजल्या. सात होत्या.

“मी येताना बाक मोजले,” तो म्हणाला. “सात.” आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो रडला. डिसेंबरपासून पहिल्यांदा.

शीट तिच्या मैत्रिणींकडेही होती, हे मला माहीत आहे. मी दोघींनाही फोन केला. एक बंगलोरला होती, दुसरी डिसेंबरनंतर मुळशीकडे फिरकलीच नव्हती, तिला जमतच नव्हतं. बरं, दगड कोणीही लावले असं धरू. चेहऱ्यात मावशींची गल्लत झाली असं धरू. पण त्या खोलीतलं माझं वाक्य? त्याचं काय करू?

मेमध्ये आम्ही दोघं पुन्हा गेलो. ‘आई मोहीम’ पूर्ण केली, शीटप्रमाणे. मी आयुष्यात पहिल्यांदा कयाकमध्ये बसले, तंबूत झोपले. दोन दिवस राहिलो. काही घडलं नाही. मी सारखी पाण्याकडे बघत होते, पण कोणी आलं नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि हळूहळू तो सगळा तळ पुन्हा पाण्याखाली गेला.

मेमध्ये मावशींनी माझा नंबर घेतला होता, त्यांचा अधूनमधून फोन येतो. दर वेळी विचारतात, “पोरगी बरी हाय न्हवं?” मी म्हणते, बरी आहे.

मिलिंदने स्पष्टीकरण शोधणं सोडून दिलंय. माझ्याकडेही नाही, आणि तुम्ही पाठवलंत तर मला पटेल असं वाटत नाही. मला खरं तर ते नकोच आहे. फक्त एक गोष्ट मला समजत नाही, आणि ती मी कोणालाच विचारू शकत नाही, म्हणून इथे लिहितेय. ती एवढ्या लांब, उन्हात, एका अनोळखी बाईकडे गेली. आमचं घर सूसला आहे. मी रोज संध्याकाळी घरी असते. दाराची एक किल्ली तिच्याकडे होती.